केलीव्हिलमधलं हळदीकुंकू

आमच्या बौद्ध घरात हळदीकुंकू नव्हतं, आणि ज्यांच्या घरात होतं त्यांनी माझ्या आईला कधी बोलावलं नाही. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सुटलेला होता. तो पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला तो पन्नाशी उलटल्यावर, ऑस्ट्रेलियात, आणि तेही गुलामगिरीविरुद्धच्या कामात. ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही आलं असतं, पण त्या दुपारची आठवण निघाली की माझं तोंड कडू होतं.

मी वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवते. महिन्यातल्या एका शनिवारी समुद्राच्या कडेकडेने जाणारी ट्रेन पकडून सिडनीला जायचं आणि तिथून मेट्रोने केलीव्हिलला, ताईंच्या घरी, असा आमचा शिरस्ता होता. ताई म्हणजे निवृत्त डॉक्टर, मूळच्या पुण्याच्या, सत्तरी गाठलेल्या, आवाज खाली पण शब्द पक्का. त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही काही मराठी बायका बसायचो. घरकामाला म्हणून भारतातून आणलेली बाई, जिचा पासपोर्ट मालकांच्या कपाटात आहे आणि जिला दाराबाहेर पडायची मुभा नाही, अशा बाईला बाहेर काढायला मदत करायची, हे आमचं एक काम. दुसरं म्हणजे कायदा कडक व्हावा म्हणून खासदारांच्या ऑफिसात खेटे घालायचे आणि लायब्ररीबाहेर टेबल मांडून बसायचं. टेबलाशी गोरे लोक थांबायचे, मान हलवायचे, सही करायचे. आपले लोक हसायचे.

"स्लेव्हरी? इथे? मॅडम, आमच्याकडेपण एक मावशी आहेत. घरच्यासारखं ठेवलंय त्यांना."

घरच्यासारखं हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. घरचं माणूस आपला पासपोर्ट आपल्याकडे ठेवतं आणि आठवडी सुट्टीची भीक मागत नाही. पण मला टेबलापाशी बोलायची परवानगी नव्हती. मी बोलले की माणसं पळतात, असं ताईंचं निरीक्षण होतं, आणि ते खोटं नव्हतं.

वर्गात मी शिकवते की दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बायका दारोदार हिंडून इतर बायकांना चहातली साखर सोडायला सांगायच्या, कारण ती गुलामांनी पिकवलेली असायची. त्यांना मत नव्हतं, सभेत तोंड उघडायची चोरी होती, म्हणून त्या शेजारणींच्या दिवाणखान्यात शिरल्या. दुसऱ्याच्या पायातल्या बेड्यांबद्दल बोलता बोलता त्यांतल्या काहींचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. मुलं हे सगळं ऐकून घेतात आणि एक्झाममध्ये येणार का, असं विचारतात. त्यांच्यावर मी फारशी रागावत नाही. माझ्या पणजोबांच्या पिढीपर्यंत आमच्या लोकांच्या मानेवर वेठ होती. पाटलाचा निरोप आला की हातातला घास खाली ठेवून निघायचं. हे मुलांना कुठून माहीत असणार?

आमच्या गटाचा एक नियम होता आणि तो ताईंचा होता. बाईला एकदा, स्पष्ट शब्दांत विचारायचं, "तुम्हाला इथून बाहेर पडायचंय का?" हो म्हणाली तर पुढचं सगळं आपण करायचं. नाही म्हणाली तर मागे फिरायचं. पूर्वी एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून पोलीस परस्पर घरात शिरले होते, आणि त्या घरातल्या बाईने भेदरून सगळं नाकारलं होतं. पोलीस गेल्यावर तिचे हाल आणखी वाढले. तेव्हापासून ताई म्हणायच्या, "तिच्या डोक्यावर एक मालक आधीच बसलाय. आपण दुसरे बसायचं नाही. तिचं नाही म्हणजे नाही." गटात येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला आम्ही हे शिकवायचो. आयुष्यभर ज्यांच्या नकाराला कुणी भीक घातली नव्हती अशा बायकांना ते ऐकून भरून यायचं. मलाही तो नियम मनापासून पटलेला होता.

ती बाई ताईंच्याच भागातली. दोन गल्ल्या पलीकडे एक मोठं घर, नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, बायको एका बँकेत आयटीत. ताई सकाळी चालायला जायच्या तेव्हा त्या घरातून एक चाळिशीची बाई कचऱ्याचे बिन रस्त्यावर आणून ठेवायची. मोकळं कपाळ, साडीवर पुरुषी स्वेटर, थंडीतही पायात काही नाही. एकदा तिने ताईंना मराठीतून विचारलं, "बाई, हितनं यष्टी कुठं जाती?" पुढच्या बिनच्या दिवशी त्या मुद्दाम वेळ साधून गेल्या आणि तिने उभ्या उभ्या सांगितलं. नवरा वारलेला. एकच मुलगी, गावाकडे दिराच्या घरी, नववीत. वर्षभरासाठी म्हणून इकडे आणलं होतं, ते वर्ष कधीच उलटून गेलं होतं. पासपोर्ट साहेबांकडे. फोन महिन्यातून एकदा, बाईसाहेब शेजारी बसून लावून द्यायच्या. "पोरगी धाव्वीला जायच्या आत मला गेलं पायजे. न्हाईतर दीर तिचं उरकून टाकत्याल," ती म्हणाली. तेवढ्यात दार वाजलं आणि ती आत गेली.

त्यानंतर बिन बाहेर आणायला मालकीण स्वतः यायला लागली. मग मराठी मंडळाच्या कुणाकडून तरी कळलं की नवऱ्याला पर्थला नोकरी लागलीय आणि जानेवारी संपायच्या आत बिऱ्हाड तिकडे चाललंय. पर्थ म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे आमचं कुणी नव्हतं. मधल्या दिवसांत त्या घरात शिरायची एकच वाट होती. निघायच्या आधी मालकीण संक्रांतीचं हळदीकुंकू करणार होती आणि मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांना आमंत्रण होतं. ताई विधवा, त्यामुळे त्या आमंत्रणातून आपोआप वगळलेल्या. मला इतका संताप आला की मी जायलाच तयार झाले.

माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती, आमच्या गटातली सगळ्यात लाघवी मुलगी. तशी मुलगी कसली, पस्तिशीची फिजिओथेरपिस्ट, पण आमच्यात तीच लहान. पुण्यात शिकलेली, बोलायला मऊ, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आणि मनं दोन्ही सांभाळणारी. आत जाऊन बाईशी तिने बोलायचं आणि बाहेर मी मालकिणीला गुंतवून ठेवायचं, असं ठरलं. बोलून गुंतवायला मी उत्तम, असं ताई म्हणाल्या, आणि त्या परिस्थितीतही सगळ्या हसल्या.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. घरात मात्र गारवा, अत्तराचा वास, पैठण्या, आणि तळणीचा खमंग दरवळ. मालकीण दारातच आली, हसतमुख, काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घातलेली. हे सांगायला मला आवडत नाही, पण बाई गोड होती. हळदीकुंकवाचा करंडा घेऊन ती माझ्याकडे वळली तेव्हा मी म्हटलं, "मी लावत नाही."

"असं कसं? मान असतो तो," म्हणाली आणि माझ्या कपाळाला कुंकू लावून मोकळी झाली.

मग गूळपोळी आली. मी नको म्हटलं. तिने वाढली. तूप नको म्हटलं, तर तिने चमचा उपडा केला. "लाजू नका हो, आपल्याच घरी आहात." दुसरी पोळी मी ताटावर आडवा हात धरून थोपवायला गेले, तर तिने बोटांच्या फटीतून सरकवली. सगळ्या बायका कौतुकाने हसत होत्या. प्रत्येकीचं हेच चाललं होतं, नको नको म्हणायचं आणि खायचं. आत कुणीतरी एकटीने लाटलेल्या त्या पोळ्या होत्या, हे मला प्रत्येक घासाला आठवत होतं. घास खाली उतरत नव्हता, तरी मी दोन्ही पोळ्या संपवल्या आणि पर्थची हवा, तिथली घरं, शाळा, जे सुचेल ते विचारत राहिले.

मैत्रीण रिकाम्या ताटल्या गोळा करून आत गेली होती. ती लवकर परत आली. फारच लवकर. तिने माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. बाई ओट्यापाशी वडे तळत होती. मैत्रिणीने आपण कोण, कुणाकडून आलो ते सांगितलं. ताईंचं नाव काढल्यावर बाईने चटकन वर बघितलं. मग मैत्रिणीने नियमाप्रमाणे, नीट, तिच्या शेजारी उभं राहून विचारलं, "तुम्हाला इथून बाहेर पडायचंय का? आम्ही आजही नेऊ शकतो." बाईने झारा कढईच्या काठावर टेकवला आणि म्हणाली, "नगं बाई. तुमाला कशाला तरास. बरं हाय माझं." मैत्रिणीने ताटल्या सिंकमध्ये ठेवल्या. मग "ठीक आहे, मावशी. तुमची इच्छा," म्हणून बाहेर आली.

"परत विचारायचंस की," मी म्हटलं.

"शी सेड नो. क्लिअरली. मी अजून प्रेशर टाकलं असतं तर मग माझ्यात आणि त्या मालकिणीत फरक काय?"

ताईंच्या घरी त्या संध्याकाळी बराच वाद झाला. मी म्हणत होते, पोलिसांना कळवू, तिने बिनापाशी जे सांगितलं ते पुरेसं आहे. ताई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "तेव्हा बोलली ते खरं, पण आज विचारल्यावर नाही म्हणाली ना? पोलिसांसमोर पुन्हा नाही म्हणाली तर तिला त्याच लोकांबरोबर पर्थला जायचंय." मैत्रीण रडत होती. तिला वाटत होतं तिने बरोबर केलं, आणि तरी ती रडत होती. पुढच्या आठवड्यात त्या घरापुढे सामानाचा ट्रक लागला. ताई चालायला गेल्या तेव्हा पडदे काढलेले होते आणि आतल्या मोकळ्या फरशीपर्यंत सगळं दिसत होतं.

पुढे काम चालूच राहिलं. एका खासदाराने आम्हाला चहा पाजला आणि आमचं म्हणणं अतिशय महत्त्वाचं असल्याचं सांगितलं. सिडनीच्या दुसऱ्या टोकाहून एका बाईला आम्ही बाहेर काढलं, ती सासरच्यांचा फोन आल्यावर महिन्याभरात त्याच घरी परत गेली. गटातल्या दोघी गळाल्या. ताईंना ऐकू कमी यायला लागलं, आणि बोलताना त्या आमच्या ओठांकडे बघायला लागल्या. लायब्ररीबाहेरचं टेबल आता मी एकटी मांडते. मला बोलायची परवानगी आहे, पण हल्ली तोंड उघडावंसं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात पर्थहून ईमेल आली. तिथेही आमच्यासारखाच एक गट उभा राहिला होता, निरनिराळ्या देशांच्या बायकांचा. हॉस्पिटलात एक बाई आली होती, हातावर उकळतं तेल सांडलेली. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला संशय आला, तिने पाठपुरावा केला आणि बाई त्या घरातून सुटली. ती फक्त मराठी बोलते, गावाकडची, आणि दुभाष्या मिळत नाही, तर तुमच्यापैकी कुणी स्क्रीनवर बसेल का? ताईंना नीट ऐकू येत नव्हतं. मी बसले.

स्क्रीन लागला आणि मी तिला ओळखलं नाही. मी तिला कधी पाहिलंच नव्हतं, ओळखणार कशी? हाताला बँडेज, केस कापलेले, अंगात कुणीतरी दिलेलं जाकीट. शेजारी त्या गटाची एक तरुण गोरी मुलगी होती, लॅपटॉप घेऊन. बोलता बोलता केलीव्हिल आलं, बिन आले, चालायला येणाऱ्या डॉक्टरबाई आल्या, आणि ही तीच बाई असल्याचं मला कळलं. मी तिला सांगितलं, त्या हळदीकुंकवाला मी बाहेरच्या खोलीत बसले होते.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "ती ताटल्या घिऊन आल्याली पोर तुमची व्हय? लई ग्वाड पोर. पर तिनं येकदाच इचारलं."

"तुम्ही नको म्हणालात," मी म्हटलं.

"म्हनाले की. येकदा नगंच म्हनत्यात, बाई. कुनी पयल्या झटक्याला व्हय म्हनतं का? परक्याच्या गळ्यात पडल्यागत दिसतं. मला वाटलं, आता पुन्यांदा म्हनंल, चला म्हनंल. म्या ग्यास बारीक क्येला. ती गेली तर वाटलं, बाहीर कुनाला तरी इचारून येती असंल. समदा कार्यक्रम हुईस्तवर म्या दाराकडं बगत व्हते."

मी माईक बंद केला आणि टेबलावर डोकं ठेवलं. आम्ही सगळ्या मराठी. आमच्यातली एकही बाई दुसऱ्याच्या घरी पहिल्या विचारण्याला चहा घेत नाही. बाहेरच्या खोलीत गूळपोळीसाठी माझा तीन-तीनदा नकार मोडला जात होता, मी तो मोडू देत होते, आणि त्याच वेळी आत एका बाईचा केवळ रीतीपुरता दिलेला नकार आम्ही मानाने, नियमाने, जसाच्या तसा स्वीकारून निघून आलो. हे मी मैत्रिणीला सांगितलेलं नाही. तिला कळलं तर तिचं मन कायमचं मोडेल. ताईंना सांगितलं, मोठ्याने. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि नियम बदलूया एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी स्क्रीनवर मी पुन्हा आले तेव्हा गोरी मुलगी वाट बघत होती. तिने पुढचा प्रश्न दिला. तिकिटाची व्यवस्था होईल, कागदपत्रं मिळतील, तिला तिच्या घरी परत जायचं आहे का?

मी मराठीतून विचारलं. बाई म्हणाली, "नगं."

मुलगी लॅपटॉपवर टाइप करायला लागली. मी तिला थांबवलं. दुभाष्याने आपल्या मनचं विचारायचं नसतं हे मला चांगलं माहीत आहे, पण मी पुन्हा विचारलं. म्हटलं, खर्चाची काळजी करू नका, कुणालाही त्रास नाही, तुमची मुलगी तिकडे आहे ना?

"नगं, बाई."

मी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चढला असावा. म्हटलं, लाजू नका, परक्या समजू नका, चला घरी.

तिने बँडेजचा हात मांडीवर घेतला आणि स्क्रीनमधून माझ्याकडे बघितलं. एखाद्या हट्टी माणसाला समजवावं तसं ती हळू बोलली. "पोरीचं त्याच उन्हाळ्यात उरकलं. धाव्वीत बसली न्हाई. तिला पयलं बाळ व्हताना ती गेली, बाळबी गेलं. बाईसायबांनी मला सांगितलं ते तेरावं झाल्यावं. आता कुनाकडं जाऊ? आता नगं म्हंजी नगंच हाय."

ती गोरी मुलगी विचारत होती, "व्हॉट डिड शी से?"

मला सगळं सांगायला हवं होतं. मी इंग्रजीत एवढंच म्हणाले की ती नको म्हणतेय.

"नो वरीज," ती मुलगी म्हणाली, आणि तिने तसं टाइप केलं.